सादळलेल्या हवेत कॉइन सेल : इलेक्ट्रोडच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्या कळव्याच्या घरी मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे पडतात, पापडाचा डबा दुसऱ्या मोठ्या डब्यात जातो, आणि रबाळ्याच्या लॅबमध्ये पीव्हीडीएफच्या (पावडर फॉइलला चिकटवून ठेवणारा गोंद, म्हणजे बाईंडर) बाटलीभोवती सिलिका जेलच्या पुड्या बसतात. तिन्हीचं कारण एकच, सादळणं. खाडीकाठची हवा आहे आपली. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हवेच्या दर दहा लाख भागांत साधारण ३५ हजार भाग पाण्याची वाफ असते. लिथियमचा सेल ज्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, बंद करायचा, तिथं हाच आकडा एकच्या खाली हवा. पस्तीस हजार आणि एक. या दोन आकड्यांच्या मधे जी धावपळ चालते, निम्मा पगार आम्हाला तिचाच मिळतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका छोट्या लॅबमध्ये मी गेली अकरा वर्षं इलेक्ट्रोडची पावडर बनवते. दरवर्षी दोन-तीन नवी मुलं-मुली येतात. कोणी एमएस्सी केमिस्ट्री, कोणी बीटेक. त्यांना पहिल्या आठवड्यात जे तोंडी सांगते, तेच इथं लिहून काढलं आहे.

आधी जुनाच माल

नवी मुलं येतात ती डोक्यात सिलिकॉन-ग्राफीन घेऊनच. मी हातात लिथियम आयर्न फॉस्फेट देते, म्हणजे एलएफपी. चेहरे पडतात.

"मॅडम, हे तर १९९७ सालचं मटेरियल आहे."

"हो, माझ्या दहावीच्याही आधीचं. म्हणूनच कर."

टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या गटाने ते १९९७ मध्ये मांडलं. (गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालं.) तेव्हापासून जगभर इतक्या हातांनी ते बनवलं आहे, की चांगल्या एलएफपीचा आलेख कसा दिसतो याबद्दल आता वाद नाही. तुमचा आलेख तसा आला नाही तर चूक तुमच्या हातात, हवेत किंवा तराजूत आहे, मटेरियलमध्ये नाही. नव्या मटेरियलच्या बाबतीत हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. आकडा कमी आला की मटेरियल वाईट, जास्त आला की शोध लागला! असल्या शोधांनी भरलेल्या दोन वह्या आमच्या कपाटात आहेत.

तेव्हा पहिलं उद्दिष्ट इतकंच: स्वतः भट्टीत भाजलेल्या एलएफपीचे तीन कॉइन सेल (नाण्यासारखे चपटे, गोल सेल) बनवायचे आणि तिघांची क्षमता एकमेकांच्या तीन टक्क्यांच्या आत आणायची. याला तीन महिने लागतात. पावसाळ्यात सुरुवात केली तर चार.

कागदावरचा हिशेब

भट्टी पेटवण्यापूर्वी, हे मटेरियल जास्तीत जास्त किती देऊ शकतं ते काढा. एका मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कुलोम. त्याला ३.६ ने भागलं की २६,८०१ मिलिअँपिअर-तास, बोलताना एमएएच. एलएफपीच्या एका मोलचं वजन १५७.७६ ग्रॅम आणि त्यातून सुटणारं लिथियम एक. भागाकार करा, साधारण १७० एमएएच प्रति ग्रॅम. हा वरचा कठडा, याच्या वर कोणी जात नाही.

हीच रीत ग्रॅफाइटला लावा. सहा कार्बनमागे एक लिथियम, म्हणून ३७२. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडला लावली तर २७४ येतात, पण तिथं निम्म्याच्या आसपास लिथियम काढलं की रचना डळमळू लागते, म्हणून प्रत्यक्षात १४० च्या जवळपास. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत हाच कोबाल्टचा माल होता. कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांच्यातलं अंतर प्रत्येक मटेरियलचं वेगळं असतं. ते पाठ करू नका, कारणासकट समजून घ्या.

भट्टी

पहिल्या खेपेला ०.०५ मोलचा घाणा पुरे. लिथियम कार्बोनेट १.८५ ग्रॅम, फेरस ऑक्झॅलेट डायहायड्रेट ९.०० ग्रॅम, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५.७५ ग्रॅम, आणि कार्बनच्या लेपासाठी साधारण ०.८ ग्रॅम साखर. हो, सुक्रोज, चहात घालतो तीच. फक्त लॅबच्या दर्जाची घ्या. एलएफपी स्वतः विजेचं फार वाईट वाहक आहे. साखर ऑक्सिजनविना भाजली की कणांवर कार्बनची काजळी धरते आणि विजेला वाट मिळते. भट्टीत घातल्यापैकी काही लोखंड ऑक्सिडाइझ होऊ पाहत असेल तर तेही ती धरून ठेवते.

हे सगळं झिर्कोनियाच्या गोळ्यांबरोबर बॉल मिलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून सहा ते बारा तास फिरवा, वाळवा, खलात मोडा, दाबून टिकिया करा. मग ट्यूब फर्नेस, पाच टक्के हायड्रोजन मिसळलेला अर्गॉन. आधी ३५० अंशांवर पाच-सहा तास. थंड करून बाहेर काढा, पुन्हा खला, पुन्हा टिकिया. मग ६५० ते ७०० अंशांवर आठ-दहा तास. तापवताना मिनिटाला दोन ते पाच अंश, घाई नको.

पहिलं भाजणं मधेच थांबवून खलायचं कशासाठी, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. वजनं बघा. साखर सोडून १६.६ ग्रॅम आत गेलं आणि बाहेर येणार ७.९. निम्म्याहून जास्त माल वायू होऊन नळीतून निघून जातो: पाण्याची वाफ, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड. एवढा वायू सुटताना टिकिया आतून पोकळ होते, कण एकमेकांपासून लांब जातात. पुन्हा खलून दाबलं नाही तर दुसऱ्या भाजणीत ते भेटणारच नाहीत. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फर्नेसच्या तोंडाची नळी बबलरमधून थेट फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात, गेली पाहिजे, खोलीत मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजे. खिडकी उघडी आहे ना, मग चालेल, असं म्हणणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका.

माझी पहिली स्वतंत्र भाजणी गेरू निघाली. खरंच गेरू, कुंडीला लावावा असा. रात्री दोनच्या सुमाराला सिलिंडर संपला होता आणि ७०० अंशांच्या भट्टीत नळीतून हवा उलटी शिरली होती. लोखंडाचा भार अधिक दोनचा अधिक तीन झाला, एलएफपी राहिलं नाही. तेव्हापासून रात्रभराच्या भाजणीआधी सिलिंडरचा दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला गॅसच्या प्रवाहाने भागून किती तास पुरेल ते वहीत लिहायचं, हा आमचा नियम. दुसरा नियम, शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. गरम एलएफपीला हवा दाखवू नये.

बाहेर आलेली पावडर काळी हवी. करडी असेल तर कार्बन पुरेसा बसला नाही. तांबूस छटा म्हणजे हवा शिरली. कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा. कण ओढले जात असतील तर धातूरूप लोखंड किंवा मॅग्नेटाइटसारखं काहीतरी तयार झालं आहे. ही दोन मिनिटांची तपासणी तुमचे पुढचे दोन आठवडे वाचवते.

एक्सआरडी आधी, आनंद नंतर

काळी पावडर म्हणजे एलएफपी असं नाही, काजळीही काळीच असते. एक्सआरडी काढा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासा. तांब्याच्या क्ष-किरणांवर एलएफपीची ठळक शिखरं १७.२, २०.८, २५.६, २९.७ आणि ३५.६ अंशांच्या आसपास येतात (हे कोनाचे अंश, तापमानाचे नाहीत). २२ ते २३ अंशांच्या मधे अनाहूत पाहुणे दिसले तर लिथियम फॉस्फेट उरलं आहे, म्हणजे लोखंड कुठेतरी कमी पडलं किंवा मिसळणं कच्चं राहिलं. तांब्याच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकतं, म्हणून आलेखाचा तळ उचललेला दिसेल. त्याला घाबरून मशीनवाल्याशी भांडू नका. मी भांडले आहे.

कणांचा आकार बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि तो प्रत्येक लॅबकडे नसतो. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात बाहेरच्यांनाही पैसे भरून नमुने तपासून घेता येतात. रबाळ्याहून ऐरोली पुलावरून मुलुंड, तिथून पवई. नमुना घट्ट झाकणाच्या कुपीत, कुपी झिपच्या पिशवीत, पिशवीत सिलिका जेल. एलएफपी तसं सोशिक आहे, पण पुढे निकेलचा माल न्याल तेव्हा ही सवय उपयोगी पडेल. मोठे, एकमेकांना चिकटून वितळल्यासारखे कण दिसले तर भाजणी फार गरम झाली. लिथियमला या कणातून ये-जा करायची आहे, वाट जितकी छोटी तितकं बरं.

स्लरी

स्लरी म्हणजे फॉइलवर पसरायचं ओलं मिश्रण. इथं हात लागतो. वाचून येत नाही, पण सुरुवात सांगते.

०.८ ग्रॅम एलएफपी, ०.१ ग्रॅम कार्बन ब्लॅक, आणि ०.१ ग्रॅम पीव्हीडीएफ. पीव्हीडीएफ आधीच एनएमपी या द्रावकात पाच टक्के विरघळवून ठेवलेलं असतं, त्यातलं दोन ग्रॅम घ्यायचं. पावडरी रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवलेल्या हव्यात. आधी दोन कोरड्या पावडरी खलात एकजीव करा, मग बाईंडर, मग एनएमपी थेंबाथेंबाने. किती थेंब? धिरड्याचं पीठ आठवा. चमचा उचलला की धार तुटू नये, पण धार पाण्यासारखीही पडू नये, आणि पडलेली धार पृष्ठावर दोन सेकंद दिसून मग विरावी. आमच्याकडे एका मुलीने घट्टपणा मोजायचं यंत्र येईपर्यंत थांबते म्हणून आठवडा घालवला. शेवटी तिच्या आईच्या घावनाच्या पिठावर तिला सगळं कळलं.

पावसाळ्यात स्लरी अचानक दह्यासारखी धरते. एनएमपी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी दिसलं की पीव्हीडीएफ त्यातून बाहेर पडतं. अशी स्लरी आणखी एनएमपी घालून वाचत नाही, टाकून द्या. एसी आणि डीह्युमिडिफायर सकाळी आल्यावर लावून लगेच कामाला बसू नका. खोली दोन तास सुकू द्या, भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा ४० च्या खाली आला की बाटलीचं बूच काढा.

एनएमपीबद्दल आणखी एक. हे द्रावक प्रजननाला घातक म्हणून नोंदलेलं आहे आणि ते कातडीतून आत जातं. नेहमीचे निळे नायट्राइलचे हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. ब्युटाइल रबराचे हवेत. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर वरिष्ठांना सांगून हे काम दुसऱ्याला द्या, आणि कारण विचारलं तर ही ओळ दाखवा.

कॅथोडची (धन बाजू, आपलं एलएफपी) स्लरी ॲल्युमिनियमच्या फॉइलवर, ॲनोडची (ऋण बाजू, जसं ग्रॅफाइट) तांब्याच्या. उलट चालत नाही. कमी व्होल्टेजला लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतं आणि फॉइलचा चुरा होतो. जास्त व्होल्टेजला तांबं विरघळतं. फॉइल काचेवर अल्कोहोलच्या थेंबाने चिकटवा, सुरकुती एकही नको, आणि डॉक्टर ब्लेड (थर एकसारखा पसरणारं पातं) १५० ते २०० मायक्रॉनवर लावून एका दमात ओढा. मधे थांबलात तर तिथं पट्टा उमटतो. ८० अंशांवर द्रावक उडू द्या, मग व्हॅक्यूममध्ये ११० ते १२० अंशांवर रात्रभर. वाळल्यावर मराठवाड्यातल्या तळ्यासारख्या भेगा दिसल्या तर थर जाड झाला किंवा वाळवण्याची घाई झाली. फॉइल पेन्सिलीवर गुंडाळून बघा. पोपडे सुटले तर बाईंडर नीट मिसळलं नाही.

चकतीचं वजन

पंचने १२ मिलिमीटरच्या चकत्या पाडायच्या. या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर आणि १६ मायक्रॉन जाडीच्या कोऱ्या ॲल्युमिनियम चकतीचं वजन ४.९ मिलिग्रॅम. समजा लेप असलेली चकती ९.७ भरली. लेप ४.८. त्यातला ८० टक्के माल, म्हणजे ३.८४ मिलिग्रॅम. पावडरीत ३ टक्के कार्बनचा लेप असेल तर तोही वजा करायचा, पण आत्ता सोडून देऊ. १७० ने गुणलं तर ०.६५ एमएएच. हा सेल एका तासात भरायचा तर ०.६५ मिलिअँपिअर लागेल, त्याला १सी म्हणतात. दहा तासांत भरायचा तर ६५ मायक्रोअँपिअर, सी-बाय-१०.

हिशेब शाळेतला आहे. पण वजनात ०.२ मिलिग्रॅमची चूक झाली की लेपाच्या वजनात चार टक्के फरक पडतो आणि १५० ची क्षमता १५६ दिसते. पाच दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा तराजू लागतो, आणि त्याचं दार उघडं ठेवून एसीच्या झोतात वजन करायचं नसतं.

आता माझ्यावर गुदरलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमचं एलएफपी अचानक १२० वर आलं. त्याआधी महिनोन्‌महिने १५० देत होतं. सगळ्यांनी पावसाला दोष दिला, मीही दिला. भट्टी तपासली, गॅस बदलला, नव्या बाटलीतलं इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमध्ये लिथियम वाहून नेणारा द्रव) वापरलं, पावडर तीन वेळा नव्याने भाजली. एक्सआरडी निर्दोष. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी एका मुलाने, केवळ पंचची धार बघायची म्हणून, कोरी फॉइल पाडली आणि सहज तराजूवर ठेवली. ६.१ मिलिग्रॅम! पुरवठादाराने १६ मायक्रॉनचं लेबल लावून २० मायक्रॉनचा रोल पाठवला होता. आम्ही दर चकतीमागे १.२ मिलिग्रॅम ॲल्युमिनियमला एलएफपीचा लेप समजत होतो. ४.८ चा लेप ६.० धरला की १५० चे बरोबर १२० होतात. पावडर आधीही चांगली होती आणि तेव्हाही.

तेव्हापासून प्रत्येक कोटिंगच्या वेळी त्याच रोलमधून पाच कोऱ्या चकत्या पाडायच्या, पाचही तोलायच्या आणि सरासरी वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली लिहायची. नवा माणूस हे करायला कंटाळला तर मी त्याला तो २० मायक्रॉनचा रोल दाखवते. जपून ठेवला आहे.

ग्लोव्ह बॉक्स

आत अर्गॉन असतो, नायट्रोजन नाही, कारण लिथियम साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावतं आणि काळं पडतं. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही एक पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, खाली. आत जाणारी प्रत्येक वस्तू ओव्हनमधून गरमच अँटीचेंबरमध्ये (पेटीच्या तोंडाशी असलेल्या मधल्या कप्प्यात) ठेवायची, आणि व्हॅक्यूम-अर्गॉन असं किमान तीनदा. टिश्यू पेपरचा नवा गठ्ठा तसाच आत नेऊ नका, कागदात भरपूर पाणी असतं. एकदा नेला आणि आकडा ०.४ वरून ६० वर गेला. परत खाली यायला दोन दिवस लागले. पाण्याची एवढी धास्ती कशाला? इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट पाण्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतं. ते इलेक्ट्रोड खातं, आणि तुमच्या बोटावर सांडलं तर हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लॅबच्या प्रथमोपचार पेटीत असलंच पाहिजे आणि ते कुठे आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत असलं पाहिजे.

सेल २०३२ आकाराचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ जाडीचा. घड्याळात किंवा गाडीच्या चावीत असतो तसा. रचायचा क्रम: मोठं डबडं, त्यात कॅथोडची चकती लेप वर करून, दोन थेंब इलेक्ट्रोलाइट, सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू न देणारा सच्छिद्र पडदा), पुन्हा थेंब, लिथियमची चकती, स्टीलचा स्पेसर, स्प्रिंग, आणि गॅस्केट लावलेलं झाकण. लिथियमची चकती कॅथोडपेक्षा मोठी, सेपरेटर दोघांपेक्षा मोठा. लिथियम चंदेरी नसेल तर चाकूने खरवडून चमक येऊ द्या. चिमटा प्लॅस्टिकचा, कारण धातूच्या चिमट्याने सेल दोन्ही बाजूंनी धरला की तो शॉर्ट होतो आणि तुम्हाला कळतही नाही. सेपरेटरखाली बुडबुडा राहिला तर बोटाने नाही, चिमट्याच्या बोथट कडेने मधून कडेकडे सारा. मग क्रिम्पर, म्हणजे डबडं दाबून बंद करणारं यंत्र. दाब एकदाच, पूर्ण.

जाड हातमोज्यांत पहिले दहा सेल वाकडेच होतात. ते मोजू नका. मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या वर दिसलं तर सेल जिवंत. शून्य दिसलं तर फोडून बघा, बहुधा सेपरेटर सरकलेला असतो किंवा चकतीची कड वर आलेली असते.

सायकलर काय सांगतो

सेल आठ-दहा तास नुसता ठेवा, इलेक्ट्रोलाइट मुरू दे. मग सायकलरवर, म्हणजे सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून मोजणाऱ्या यंत्रावर, सी-बाय-१० ने २.५ ते ४.० व्होल्ट.

चांगल्या एलएफपीचा आलेख (आडवी क्षमता, उभे व्होल्ट) ताटासारखा सपाट असतो. चार्ज होताना ३.४५ च्या आसपास, डिस्चार्जला ३.४ च्या आसपास, आणि शेवटी कड्यावरून कोसळतो. हा सपाटपणा येतो कुठून? कणात लिथियम असलेलं आणि नसलेलं अशी दोन रूपं एकत्र नांदतात, एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत राहतं. बर्फ वितळेपर्यंत पाणी शून्यावरच राहतं ना, तसं. ताटाच्या जागी उतार दिसला तर माल बिघडलेला. वरचं आणि खालचं ताट लांब लांब असतील तर कुठेतरी रोध आहे, बहुधा कार्बन कमी किंवा फॉइलला लेप धड चिकटलेला नाही.

क्षमता १५० च्या वर आली, दुसऱ्या सायकलपासून घातलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळू लागलं आणि तीन सेल जुळले, तर पेढे आणा. १७० च्या वर आली तर पेढे आणू नका, वजन तपासा. चार्जिंग संपतच नसेल तर आत बारीकसा शॉर्ट आहे. आणि आलेखात दर सात दिवसांनी उंचवटा दिसत असेल तर रसायनशास्त्र शोधत बसू नका. शनिवार-रविवार कोणीतरी एसी बंद करतं, खोली तापते, सेल दोन टक्के जास्त देतो. सोमवारी सगळं पूर्ववत.

मग नवं काय

तीन सेल जुळले की हात मोकळे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि शेजारी जुन्या एलएफपीचा एक सेल कायम चालू ठेवा. तो बिघडला तर त्या आठवड्यातले सगळेच आकडे संशयित.

लोखंडाच्या काही भागाच्या जागी मँगेनीज घाला, ४.१ व्होल्टपाशी दुसरं ताट दिसेल. पहिल्या बदलासाठी हे छान. ॲनोडकडे वळायचं असेल तर लिथियम टायटेनेटपासून सुरुवात करा. १७५ एमएएच, १.५५ व्होल्ट, हवेतच भाजता येतं, फुगत नाही, रुसत नाही. निकेलचं प्रमाण जास्त असलेला कॅथोड मात्र आपल्या हवेचा शत्रू आहे. त्याच्या पृष्ठभागावर उरलेलं लिथियम हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, पावडर आम्लारिधर्मी होते आणि स्लरीतलं पीव्हीडीएफ गोठतं. जुलैत हा माल बाहेर उघडू नका. सिलिकॉन ३,५०० च्या वर देतं हे खरं, पण लिथियम घेताना ते जवळजवळ चौपट फुगतं आणि पीव्हीडीएफ ते सांभाळू शकत नाही. तिथं पाण्यातले बाईंडर, सीएमसीसारखे, घ्यावे लागतात.

आणि एक लक्षात असू द्या. लिथियमच्या चकतीसमोर बनवलेला सेल फार लाडावतो. समोर लिथियमचा अखंड साठा असतो, त्यामुळे वाया जाणारं लिथियम दिसतच नाही. ग्रॅफाइटसमोर पूर्ण सेल बनवा, ॲनोडची क्षमता कॅथोडपेक्षा दहा टक्के जास्त ठेवा, आणि लेप चौरस सेंटिमीटरला तीन-चार मिलिग्रॅमवरून पंधराच्या वर न्या. कारखान्यातला माणूस विचारतो तो आकडा तिथं मिळतो, आणि तो पहिल्या वेळी नेहमीच लाजिरवाणा असतो. अडलात तर पुण्यात सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवर काम करणारी संस्था आहे, तामिळनाडूत कारैकुडीला सीएसआयआरची सेक्री ही विद्युतरसायनाची संस्था आहे. दोन्हीकडे या विषयात आयुष्य घातलेले लोक आहेत आणि नेमका प्रश्न विचारला तर उत्तर देतात. "सेल चालत नाही" हा नेमका प्रश्न नाही.

सांडलं, पेटलं, उरलं

लिथियम धातू पेटला तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही, धातूंच्या आगीसाठीची क्लास-डी पावडर. तपासून झालेले सेल डिस्चार्ज करून एकेकाला टेप लावून ठेवा, एकाच डब्यात उघडे टाकले तर एकमेकांना शॉर्ट करतात. एनएमपी आणि इलेक्ट्रोलाइटच्या बाटल्या वेगळ्या. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. तळोज्याला आणि महाप्याला घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा आहेत, तुमची लॅब कुठे नोंदलेली आहे ते विचारून घ्या. लिथियमचे तुकडे खनिज तेलाखाली, झाकणावर तारीख, वजन आणि ठळक मराठीत "पाणी लावू नये". मराठीत अशासाठी, की रात्री खोली पुसायला येणाऱ्या मावशी इंग्रजी वाचत नाहीत. त्यांना मी एकदा फ्यूम हूडमध्ये तांदळाएवढा तुकडा पाण्यात टाकून दाखवला. आता नवीन कोणी लागलं की माझ्याआधी त्याच विचारतात, "बाळा, तुझा तेलाचा डबा कुठला रे?"